अष्टमीला ओटी घेऊन येतेय

हमरापूर,
८ सप्टेंबर २०२५

दादा,

तू माझा फोन उचलत नाहीस. आधी वाटलं, उंबरवाडीत रेंज नसेल. मग हौसावहिनींकडून कळलं की तू मला ब्लॉक केलंयस. मोबाईलचा आवाज कमी करायला तुला अजून तुझ्या लेकाला, आदर्शला, हाक मारावी लागते आणि सख्ख्या बहिणीला ब्लॉक करायला बरा शिकलास. असो. पत्र काही ब्लॉक करता येत नाही. पोस्टमन ते तुझ्या हातात देईल आणि तू फोडेपर्यंत समोर उभा राहील, कारण उंबरवाडीत हाताने लिहिलेलं पत्र येणं हीच आता बातमी आहे.

मी बरी आहे. गणपती गेले, मूर्तींचा कारखाना मोकळा झाला. गेले चार महिने मान वर करायला फुरसत नव्हती. आता नुसत्या रिकाम्या फळ्या आणि रंगाचे डबे उरलेत. सीझन संपला की पोपटशेठ आम्हा रंगकाम करणाऱ्या बायकांना एक दिवस फिरायला नेतात, हे तुला माहीत आहे. गाडी शेठची, डबे आमचे. दरवर्षी कुठे जायचं ते शेठ ठरवतात आणि दरवर्षी बायका परत येताना कुरकुरतात. यंदा ते वैतागून म्हणाले, “तुमचं तुमी ठरवा गो, माझ्या डोक्याला ताप नको.” बायकांनी ते काम माझ्या गळ्यात घातलं.

मी देवळं आणि नद्या असं ठरवलंय. नुसती देवळं म्हटली की पाय दुखतात, नुसती नदी म्हटली की म्हाताऱ्या नाक मुरडतात. सकाळी हमरापूरहून निघायचं, वडखळला चहा. वडखळला चहा न घेता पुढे गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. मग नागोठण्यावरून पालीला. तिथं आधी मागचा धुंडीविनायक आणि मग बल्लाळेश्वर, घाईघाईत उलटं करायचं नाही. नंतर उन्हेऱ्याच्या गरम पाण्यात पाय सोडून बसायचं. दिवसभर मांडी घालून रंगवणाऱ्या आमच्या गुडघ्यांना त्या पाण्याची गरज देवापेक्षा जास्त आहे. तिथून उद्धर. अंबा नदीवर ह्यांच्या अस्थी सोडल्या त्या जागी मला एकदा शांतपणे बसायचंय. दोन वर्षांपूर्वी तिथल्या पायऱ्या तू मला हाताला धरून उतरवल्या होत्यास, ते मी विसरलेले नाही.

कोलाडला आमच्यातल्या गिरजाबाईंना रबरी बोटीत बसायचंय. त्यांची सत्तरी उलटली. धरणाचं पाणी सकाळी सोडतात तेव्हाच त्या बोटी चालतात आणि आपण पोचेपर्यंत दुपार होईल, हे मी त्यांना समजावलं. तर म्हणाल्या, “मग गणपतीला सांग थांबायला, तो कुठं पळत नाय.” अजून त्यांची समजूत पटलेली नाही.

मग रोह्याला धावीरबाबा. पोलीस ज्या देवाला बंदुकीची सलामी देतात तो देव इथल्या निम्म्या बायकांनी पाहिलेला नाही. थोडा वेळ कुंडलिकेच्या काठावर आणि शेवटी उंबरवाडी, आपली सोमजाई. नवरात्रातल्या अष्टमीला, मंगळवारी, दिवस कलताना आम्ही गावात येऊ.

मी ओटी घेऊन येतेय. खण, नारळ, तांदूळ, हळद-कुंकू, सगळं रीतसर. ती मी माझ्या हातानं सोमजाईला भरणार आहे.

परवानगी मागत नाही, कळवतेय. घरी जायचं असलं की आधी कळवावं हे आईनंच शिकवलंय.

नूतन


हमरापूर,
१५ सप्टेंबर २०२५

दादा,

काल वहिनींचा फोन आला. आवाजावरूनच कळलं की तू शेजारी बसून एकेक वाक्य सांगतो आहेस. वहिनी कधी मला “सदर बाबतीत” असं म्हणत नाहीत.

तुझा निरोप असा : बाकीच्या बायका येऊ देत, चहापाणी करू, सवाष्णी असतील त्या ओटी भरतील. मी मात्र बाहेरून पाया पडायचं, ताट हातात आणायचं नाही. आणलंच तर देवस्थान कमिटीला दार बंद ठेवावं लागेल. शेवटी वहिनींनी स्वतःचं एकच वाक्य घातलं, “वन्सं, तुमी जेवायला तरी घरी या.” त्यावर तू त्यांच्या हातातून फोन घेतलास, ते मला ऐकू आलं.

आता माझं ऐक. गेल्या नवरात्रात काय झालं ते तू लोकांना कसं सांगतोस ते माझ्या कानावर येतं. “नूतनला भायेर थांबायला सांगितलं, ती रागावून गेली.” इतकंच. मी सांगते काय झालं ते. मी पेणच्या बाजारात फिरून फिरून एक हिरवी साडी घेतली होती, लाल काठाची. माझ्या लग्नात आईनं मला तशीच घेतली होती. ती ताटात घेऊन मी उंबऱ्याशी आले. तू अध्यक्ष म्हणून दारात उभा होतास, खांद्यावर नवं उपरणं. “सवाष्णीची ओटी असते गो. तू भायेरून पाया पड,” म्हणालास आणि माझ्या हातातलं ताट ओढून घेतलंस. तांदूळ सांडले. मग तेच ताट तू वहिनींच्या हातात दिलंस आणि वहिनींनी माझी ओटी देवीला भरली. साडी माझी, नारळ माझा, नवस माझा, आणि हात दुसऱ्याचे. मी बाहेर चपलांच्या ढिगाजवळ उभी होते. सगळं गाव बघत होतं. त्यात आपल्याबरोबर शाळेत गेलेली माणसं होती. मला तेव्हा रडू आलं नाही, राग आला. तो अजून आहे आणि मी तो जपून ठेवलाय.

हे गेले त्यात माझा काय गुन्हा, असं मी विचारणार नाही. असले प्रश्न मालिकेतल्या बायका विचारतात. मी तुला पाण्याच्या वर्षाचं विचारते.

दोन हजार पाचचा तो जुलै आठव. कुंडलिका गावात शिरली, गोठ्यात कमरेएवढं पाणी, वरून पाऊस थांबेना. जुनी माणसं म्हणाली, नदीची ओटी भरा, ती माहेरवाशिणीसारखी आलीय, भरली ओटी घेऊन जाईल. पण भरणार कोण? एकाही पुरुषानं आपल्या बायकोला पाण्याजवळ सोडलं नाही. तू सोडलंस का वहिनींना? तेव्हा आई पुढे झाली. बाबा जाऊन तिला दहा वर्षं झाली होती, कपाळ मोकळं. तिच्या कमरेला दोर बांधला, दोराचं दुसरं टोक तुझ्या हातात होतं. आईनं छातीइतक्या पाण्यात उभं राहून नदीला खण-नारळ दिला. तेव्हा कोणी म्हणालं का, सवाष्ण हवी म्हणून? नाही म्हणालं, कारण विधवा वाहून गेली तर गेली, असा सगळ्यांचाच हिशेब होता. पाणी उतरलं. तू अजून दर गणपतीत ती गोष्ट सांगतोस, “माझ्या आयशीनं गाव वाचवला.” सांगतोस ना?

मग विधवेची ओटी बुडत्या गावाला चालते आणि कोरड्या गावाला चालत नाही, हे कसं, तेवढं मला समजावून सांग. दाराची धमकी नको, उत्तर दे.

गिरजाबाईंनी बोट सोडली. आता त्यांना कोलाडच्या पुलावर उतरून नदीचा फोटो हवा आहे, त्यात त्या मधोमध. तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं सुकं माझ्याकडे आलंय. वहिनींसाठी पोह्याचे पापड आणते, ते तरी चालतील ना?

माझ्या हातात सध्या एक नाजूक काम आहे, सीझनबाहेरचं. कोणाचं ते पुढे सांगेन.

नूतन


(पोस्टकार्ड)

हमरापूर, १८ सप्टेंबर २०२५

श्री. कमळाकर यांस, आणि हे कार्ड ज्यांच्या ज्यांच्या हातून जाईल त्या सर्व उंबरवाडीकरांस नमस्कार.

दोन बंद पत्रांचं उत्तर आलं नाही म्हणून उघडं कार्ड लिहिते. अष्टमीला दिवस कलताना आम्ही हमरापूरच्या बायका सोमजाईच्या दर्शनाला येत आहोत. आमच्यात सवाष्णी आहेत, विधवा आहेत, एक नवऱ्यानं टाकलेली आहे. प्रत्येकीच्या हातात ओटीचं ताट असेल. ज्यांना बघायचं असेल त्यांनी जरूर यावं. बसायला सतरंजी आम्ही आणतो.

पोस्टमनदादा, वाचून झालं असेल तर आता कार्ड अध्यक्षांना द्या.

आपली माहेरवाशीण,
नूतन


हमरापूर,
२० सप्टेंबर २०२५

दादा,

हे पत्र पोस्टानं आलेलं नाही. तुमच्या टेम्पोवाल्याच्या हाती, सोमजाईच्या मुखवट्याबरोबर देतेय. म्हणजे आता तुला कळलंच असेल.

तुमच्या देवीच्या लाकडी मुखवट्याचा रंग उडाला होता. रोह्याचे म्हातारे रंगारी वारले, म्हणून कमिटीनं हमरापुरात चौकशी केली आणि ज्याचं नाव सगळ्यांनी घेतलं त्या पोपटशेठकडे मुखवटा पाठवला. टेम्पोवाला सांगत होता की पितृपक्षात देवीचं काम करावं की नाही यावर तुमच्या दोन बैठका झाल्या. रोह्याहून भटजींना बोलावलंत, पंचांग उघडलंत, रंगाच्या ब्रशात कसले केस असतात इथपर्यंत चर्चा झाली. रंगवणार कोण, हे मात्र एकानंही विचारलं नाही.

तुला वाटतं मी इथं मूर्तींना नुसतं पॉलिश मारते. एकदा आला असतास तर दिसलं असतं. दादा, पोपटशेठच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी मी करते. गेली बारा-तेरा वर्षं मीच करते. मूर्तीला सगळा रंग झाला तरी डोळे आखेपर्यंत ती नुसती माती. शेवटची बुब्बुळाची टिकली पडली की मग आम्ही तिला ओलांडत नाही, तिच्याकडे पाठ करून बसत नाही. शेठ स्वतःसुद्धा तेव्हा चप्पल बाहेर काढतात. असे किती गणपती माझ्या हातून डोळे उघडून गेले, त्यांच्यापुढे तू आरत्या म्हटल्या असशील.

मुखवटा गोणपाटातून निघाला आणि मी ओळखला. डाव्या गालावरची ती चीर, लहानपणी तू म्हणायचास की देवीला वाघानं ओरबाडलंय. शेठना मी म्हटलं, “हे आमच्या गावचं हाय, आणि माझा भाऊ मला देवळात घेत नाय. दुसऱ्या कोणाला द्या.” शेठ म्हणाले, “दुसरा कोण हाय? तुझ्या भावाला डोळे पायजेत का वाकडेतिकडे?” गिरजाबाई मागून म्हणाल्या, “देवी आपल्या पायानं आलीय गो, तिला भायेर थांबायला सांगू नको.” मी मग ब्रश उचलला.

पाच दिवस तिच्यासमोर बसले. चीर बुजवली नाही, तशीच ठेवली, गावाची ओळख आहे ती. डोळे आज सकाळी आखले. आईसारखे झाले, असं मुद्दाम केलेलं नाही. हात तसाच वळला. बघशील तेव्हा कळेल.

आणखी एक. गणपती पाहुणा, तो आपला आपण येतो-जातो. देवीचं काम असलं तर आमच्याकडे तिला लेकीसारखी पाठवतात. लेक रिकाम्या ओटीनं घराबाहेर पडत नाही आणि ज्या हातानं डोळे उघडले त्या हातानं ओटी भरायची, अशी इथली रीत आहे. तर दादा, आज सोमजाईची ओटी मी भरली. खण भरला, नारळ ठेवला, कपाळाला कुंकू मी लावलं. तिनं हात झटकला नाही. तुझ्या परवानगीचं जे काही होतं ते इथं, हमरापुरात, पत्र्याच्या शेडमध्ये आटोपलं.

हे मी लपवू शकले असते. अष्टमीला सगळ्या गावासमोर सांगून तुझं नाक कापू शकले असते, गिरजाबाईंचा तोच सल्ला होता. पण तू माझ्या हातून ताट ओढलंस ते आधी न कळवता, मला तसं करायचं नाही. घट बसायला दोन दिवस आहेत. माझे डोळे तुला चालत नसतील तर टर्पेंटाईनचा बोळा फिरव, एका मिनिटात जातील. रोह्यात कुठल्याही रंगवाल्याकडे बाटली मिळते. मग बिनडोळ्यांची देवी मांडायची की मी उघडलेल्या डोळ्यांची, ते अध्यक्षांनी ठरवावं.

काहीही ठरव, अष्टमीचं आमचं ठरलेलं आहे. गाडीवाला निलेश म्हणतो, वाकणपासून पुढे रस्ता बरा झालाय. त्याच्या तोंडात साखर पडो.

नूतन


हमरापूर,
३ ऑक्टोबर २०२५

दादा,

अष्टमीला तू गावात नव्हतास, तेव्हा काय झालं ते माझ्याकडून ऐक. गावात त्याचे चार प्रकार ऐकशील, त्यातल्या एकात म्हणे मी कुलूप दगडानं फोडलं.

आमची सहल छान झाली. बल्लाळेश्वराला गर्दी होती. उन्हेऱ्याच्या पाण्यात बायका म्हशींसारख्या बसल्या, उठेनात. उद्धरला मी पायरीवर बसले, अंबा भरून वाहत होती. ह्यांना म्हटलं, जाऊन येते, भांडायला जातेय. ते असते तर म्हणाले असते, जा पण जेवून जा. गिरजाबाईंचा कोलाडच्या पुलावर फोटो झाला, वाऱ्यानं पदर तोंडावर आलाय पण त्यांना तो फार आवडला आहे.

रोह्याला धावीरबाबांच्या देवळाबाहेर तुझी स्कूटर दिसली. नारळवाल्याच्या दुकानामागे तुझी टोपी पण दिसली. मी निलेशला म्हटलं, थांबू नको. तू तिथं का होतास ते मला तेव्हा कळलं नाही. उंबरवाडीत पोचल्यावर कळलं.

देवळाच्या लोखंडी जाळीला कुलूप होतं आणि किल्ली तुझ्या खिशात, रोह्यात. अर्धा गाव जमला होता, कार्ड बरोबर पोचलं होतं. आम्ही ताटं घेऊन जाळीसमोर उभ्या राहिलो. आत समई होती. सोमजाई मांडलेली होती आणि तिला डोळे होते. माझेच. तू बोळा फिरवला नाहीस, हे मी जाळीतून पाहिलं. भीतीनं असेल नाहीतर आईची आठवण झाली म्हणून असेल, ते तुझं तुला ठाऊक. पण तेवढ्यासाठी मी तुला तिथल्या तिथे निम्मं माफ केलं. निम्मंच.

गिरजाबाई म्हणाल्या, “जाळीतून हात घाल गो, नारळ ढकल आत.” मी नाही म्हटलं. चोरासारखी ओटी भरायला मी इतक्या लांब आले नव्हते. मी म्हटलं, चला नदीवर, आईनं जिथं भरली तिथं भरू. सगळ्या घाटावर उतरलो, गाव मागोमाग. खरं सांगते, उतरताना वाटलं, झालं, पुन्हा चपलांच्या ढिगाजवळच उभी राहिले मी. नदीची ओटी काय कुणीही भरावी, तिला दार नाही. मला दारातून आत जायचं होतं.

पायरीवर ताट ठेवून खण उलगडत होते तेवढ्यात वहिनी आल्या. त्यांनी माझी साडी नेसली होती. गेल्या वर्षीची, हिरवी, लाल काठाची. देवीच्या साड्या दसऱ्याला गावात विकतात तेव्हा ती त्यांनी स्वतः घेतली होती म्हणे, आणि वर्षभर घडी मोडली नव्हती. तुला हे माहीत होतं का? मला नव्हतं. गेले वर्षभर मी त्यांच्यावर पण रागावले होते, ताट घेतलं म्हणून.

त्या माझ्यासमोर पायरीवर बसल्या. पदर पसरला आणि म्हणाल्या, “वन्सं, मला भरा.”

मी म्हटलं, “वहिनी, उगाच काय? दादा ओरडंल.”

“ओरडू दे. देवळाला कुलूप हाय, माझ्या पदराला नाय.” आणि मग जरा थांबून, “गेल्या वर्षी तुमचं ताट माझ्या हातात दिलं तवा मी घेतलं, नाय म्हणता आलं नाय. आज मला म्हणायचंय. कुंकू पण तुमीच लावा.”

दादा, तुझी बायको चाळीस वर्षांत चार माणसांत मोठ्यानं बोललेली मी ऐकली नव्हती. त्या दिवशी नदीच्या आवाजावर तिचा आवाज आला. कोणी म्हातारा मागून म्हणाला, “अगो, कमळाकर जिता हाय, तुला काय धाड भरली?” तर वहिनींनी वळून बघितलं पण नाही. मी त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. बुब्बुळाची टिकली टेकवते तसं, एकदाच आणि मधोमध. ओंजळीनं तांदूळ घातले, खण घातला, नारळ ठेवला. त्यांनी उठून मला नमस्कार केला. मी म्हटलं, तुम्ही मोठ्या. तर म्हणाल्या, ओटी भरणाऱ्याला करतात.

मग तुमच्या वाडीतली आणखी एक आली आणि पदर पसरून बसली. मग तिची सून. आमच्या गिरजाबाई, आयुष्याची निम्म्याहून जास्त वर्षं विधवा, त्यांनी पहिल्यांदाच कुणाला तरी कुंकू लावलं, आणि ते इतकं लावलं की त्या पोरीचं नाक लाल झालं. अंधार पडेपर्यंत आमचे तांदूळ संपले. शेवटची मूठ मी कुंडलिकेला दिली.

मी देवळात गेले नाही. ते अजून बाकी आहे, विसरले असं समजू नकोस.

आज सकाळी वहिनींचा फोन आला, त्यांच्या स्वतःच्या मोबाईलवरून, आणि या वेळी शेजारी कोणी नव्हतं. ओटीचा नारळ बाहेर देत नाहीत, घरच्यांनीच खायचा असतो. तो तू त्यांना फोडू दिला नाहीस म्हणे. “मी फोडतो, बघ नासका निघंल,” म्हणालास आणि अंगणात गेलास. एका घावात फोडलास, वास घेतलास, पाणी चाखलंस आणि दोन्ही वाट्या ओट्यावर ठेवल्यास. वहिनींनी वड्या केल्या. तू म्हणालास, मला नको. आदर्श धाटावच्या कंपनीत सेकंड शिफ्टला होता, वहिनींनी तोंड लावलं नव्हतं, आणि संध्याकाळी डब्यातल्या चार वड्या कमी होत्या.

मी भरलेल्या ओटीचा नारळ तुझ्या पोटात आहे, दादा, आणि तुझ्या घरातल्या सवाष्णीच्या कपाळावर मी लावलेलं कुंकू आहे. तुम्ही दोघंही ठणठणीत आहात असं वहिनी म्हणाल्या. आता ते कुलूप कशासाठी आहे ते तूच शोधून काढ.

पुढच्या अष्टमीची गाडी मी निलेशला आत्ताच सांगून ठेवली आहे. त्या दिवशी तुला रोह्याला जायचं असेल तर खुशाल जा. किल्ली तेवढी वहिनींकडे देऊन जा.

नूतन